पॉवर बँक : भीती कशाची, काळजी कशाची

‘जास्त वॅटची पॉवर बँक लावली तर फोन जळणार नाही ना?’ मोबाइलच्या दुकानात हा प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘पॉवर बँक जरा फुगली आहे, पण चालतेय. वापरू का?’ असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. ती गुपचूप वापरली जाते. थोडक्यात, जिथे घाबरायचं कारण नाही तिथे आपण घाबरतो आणि जिथे खरंच घाबरायला हवं तिथे बिनधास्त असतो. जास्त वॅटच्या चांगल्या पॉवर बँकेने फोन जळत नाही. उष्णता, मार, पाणी, बनावट सेल आणि भलत्या व्होल्टेजची केबल यांनी मात्र उपकरण बिघडतं, प्रसंगी आगही लागते.

वारीतल्या मुक्कामी एकाच बोर्डाभोवती चार्जरची गर्दी होते. पावसाळी ट्रेकला सॉकेट मिळतच नाही. वळवाच्या पहिल्या सरीबरोबर लाइट जाते ती रात्री उशिरा येते. अशा वेळी पॉवर बँकेला पर्याय नाही. पूर्वी ती फक्त फोनसाठी होती. आता तिच्यावर घड्याळ, इअरबड्स, वायफाय राउटर, दिवा, पंखा आणि लॅपटॉपही लावले जातात. या प्रत्येकाची गरज वेगळी असते, म्हणून सगळ्यांना एकच रीत चालत नाही.

लेबल वाचायला शिका

पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं, त्यातल्या चार गोष्टी कामाच्या आहेत.

पहिली क्षमता. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या लिथियम-आयन सेलचा असतो आणि तो सुमारे ३.७ व्होल्टला मोजलेला असतो. फोनकडे वीज जाते ती किमान ५ व्होल्टने. व्होल्टेज चढवलं की एमएएचचा आकडा उतरतो, शिवाय चढवण्यात काही वीज उष्णता होऊन वाया जाते. त्यामुळे १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून ५ व्होल्टला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच हाती लागतात. अनेक कंपन्या हा खरा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून लेबलवर वेगळा छापतात. ५,००० एमएएचचा फोन त्यातून दोनदा पूर्ण भरेल ही अपेक्षा चुकीची आहे. दीडदा भरला तरी पॉवर बँक चोख समजा.

दुसरी गोष्ट वॅट-अवर. एमएएचला १,००० ने भागून ३.७ ने गुणलं की हा आकडा मिळतो. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-अवर, २०,००० म्हणजे ७४. उपकरण किती वेळ चालेल याचा हिशेब याच आकड्यावरून करायचा असतो आणि विमानतळावरही हाच पाहिला जातो.

तिसरी गोष्ट आउटपुटची ओळ. तिथे ‘५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.२२ अँपिअर’ अशा जोड्या असतात. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट निघतात; दुसऱ्या जोडीचे जवळपास २० होतात. दोन-तीन पोर्ट असतील तर ‘टोटल आउटपुट’ वेगळं पाहा. एका पोर्टला २० वॅट मिळतात म्हणून तिन्ही पोर्ट मिळून ६० मिळतील असं नाही. बहुतेक वेळा एकत्र वापरताना आहे तीच शक्ती वाटली जाते.

चौथी गोष्ट भारतीय मानक ब्यूरोची, म्हणजे बीआयएसची नोंदणी. भारतात पॉवर बँक विकायला ही नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर मानकाचं चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे असतात. ‘बीआयएस केअर’ या मोफत ॲपमध्ये हा क्रमांक टाकून पाहा. उत्पादकाचं नाव आणि वस्तू जुळली नाही, तर माल ठेवून निघा.

बनावट माल ओळखायला वजनही उपयोगी पडतं. चांगला गोल सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो आणि त्यात फार तर साडेतीन हजार एमएएच मावतात. म्हणजे १०,००० एमएएचसाठी तीन सेल लागतात आणि सेलच दीडशे ग्रॅमच्या आसपास जातात. कवच आणि सर्किट धरून अशी पॉवर बँक साधारण दोनशे ग्रॅमची होते. फुटपाथवर कुणी ‘५०,००० एमएएच’ची पॉवर बँक तीनशे ग्रॅम वजनात आणि तीनशे रुपयांत देत असेल, तर आकडा खोटा आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

वॅट जास्त असले म्हणून बिघडत नाही

पंगतीत वाढपी पातेलं भरून घेऊन आला, तरी पानात जेवणारा मागेल तेवढंच पडतं. विजेचा प्रवाहही उपकरणच ओढून घेतं, पॉवर बँक तो ढकलत नाही. ६५ वॅटच्या पॉवर बँकेला १८ वॅटचा फोन लावला तर तो १८ वॅटच घेतो.

जलद चार्जिंगसाठी व्होल्टेज वाढवावं लागतं, पण तेही परस्पर वाढत नाही. यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी पद्धतीत पॉवर बँक आधी आपल्याकडे काय आहे ते कळवते : ५, ९, १५, २० व्होल्ट. उपकरण त्यातलं आपल्याला झेपेल ते मागतं आणि मगच व्होल्टेज चढतं. समोरून उत्तर आलं नाही, तर पुरवठा ५ व्होल्टवरच राहतो. म्हणून साधा यूएसबी दिवा शक्तिशाली पीडी पोर्टला लावला तरी त्याला काही होत नाही.

याच कारणाने ‘६७ वॅट’, ‘८० वॅट’ असं मिरवणारा फोन पॉवर बँकेवर हळू चार्ज होतो. त्या वेगासाठी काही कंपन्यांची स्वतःची वेगळी पद्धत असते आणि ती त्यांच्याच चार्जर-केबलवर चालते. दुसरीकडे फोन दहा ते अठरा वॅटवर समाधान मानतो. हा बिघाड नव्हे.

गडबड होते ती ही बोलणी टाळणाऱ्या वस्तूंमुळे. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला गोल पिन आणि मध्ये व्होल्टेज चढवणारं सर्किट अशा केबल बाजारात मिळतात. त्या कुणाला काही न विचारता थेट ९ किंवा १२ व्होल्ट देतात. त्यांच्याशी कसं वागायचं ते राउटरच्या वेळी पाहू.

केबलवर पैसे वाचवू नका

चांगली पॉवर बँक आणि महागडा फोन यांच्यामध्ये पन्नास रुपयांची केबल, हे दृश्य नेहमीचं आहे. आतली तांब्याची तार बारीक असली की केबल तापते आणि चार्जिंग रडतखडत होतं. साध्या टाइप-सी केबलची मर्यादा ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट असते. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते. तिच्या टोकात एक छोटी चिप असते आणि आपण किती प्रवाह पेलू शकतो हे ती चिप कळवते. लॅपटॉपसाठी केबल घेताना पाकिटावर १०० किंवा २४० वॅट लिहिलं आहे ना, ते बघून घ्या.

टोकापाशी आवरण फाटलेली, पिन काळी पडलेली किंवा ठरावीक कोनात धरल्यावरच चालणारी केबल फेकून द्या. चिकटपट्टी लावून तिचं आयुष्य वाढवू नका.

उपकरणानुसार रीत

फोन. चार्जिंग चालू असताना फोन आणि पॉवर बँक एकावर एक ठेवून रबरबँड लावू नका, दोन्ही एकत्र खिशात किंवा उशीखालीही नकोत. दोघांची उष्णता एकमेकांना लागते. त्याच वेळी व्हिडिओ किंवा गेम चालू असेल तर आणखी भर पडते. दोन्ही बाजूंना टाइप-सी असेल तर जोडल्यावर फोनच्या पडद्याकडे एकदा पाहा. वीज कुणी कुणाला द्यायची हे कधी उलटं ठरतं आणि फोनच पॉवर बँकेला भरू लागतो. केबल काढून पुन्हा लावली किंवा पॉवर बँकेचं बटण दाबलं की बहुधा दिशा सरळ होते.

चुंबकाने चिकटणाऱ्या वायरलेस पॉवर बँकेत वीज जास्त वाया जाते आणि उष्णताही जास्त होते. उन्हात तिच्यापेक्षा केबल बरी. घरात कुणाला पेसमेकर असेल तर अशी चुंबकी पॉवर बँक किंवा फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू देऊ नका. ॲपलने आपल्या चुंबकी उपकरणांसाठी १५ सेंटिमीटर आणि वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगितलं आहे. बाकीच्यांसाठीही हाच दंडक पाळा.

इअरबड्स, स्मार्ट घड्याळ, फिटनेस बँड, श्रवणयंत्राची डबी. यांना वीज इतकी कमी लागते की पॉवर बँकेला काही जोडलं आहे हेच कळत नाही. थोड्या वेळाने ती आपोआप बंद पडते आणि सकाळी घड्याळ रिकामंच असतं. यावर उपाय म्हणून बऱ्याच पॉवर बँकांत कमी प्रवाहाची सोय असते. ती बहुतेकदा बटण दोनदा दाबून किंवा काही सेकंद दाबून धरून चालू होते. आपल्या पॉवर बँकेची रीत माहितीपत्रकात सापडेल. काम झालं की ही सोय बंद करा.

लॅपटॉप. लॅपटॉपच्या चार्जरवरचे वॅट आधी पाहा. हलक्या लॅपटॉपला ४५ वॅट पुरतात, बऱ्याच जणांना ६५ लागतात. पॉवर बँकेच्या टाइप-सी पोर्टमधून पीडी पद्धतीने तेवढे वॅट मिळत नसतील, तर लॅपटॉप ‘स्लो चार्जर’ची सूचना देतो किंवा चार्जच होत नाही. वेळेचा हिशेब सोपा आहे. ७४ वॅट-अवरपैकी साठेक हाती येतात आणि लॅपटॉपची बॅटरी ५० वॅट-अवरची असेल तर ती एकदा भरते. गोल पिनेचे जुने लॅपटॉप १९ व्होल्टच्या आसपास चालतात. जुगाडाच्या केबलने ते पॉवर बँकेला जोडायच्या भानगडीत पडू नका.

वायफाय राउटर. लाइट गेल्यावर घरून काम करणाऱ्यांची पहिली धाव इकडेच असते. राउटरच्या ॲडॉप्टरवर ‘आउटपुट १२ व्होल्ट १ अँपिअर’ किंवा ‘९ व्होल्ट’ असं लिहिलेलं असतं. केबल अगदी त्याच व्होल्टची हवी. ९ व्होल्टच्या राउटरला १२ ची केबल लावली तर तो कायमचा जाऊ शकतो. पिनेचा आकार जुळला म्हणजे व्होल्टेजही जुळलं असं समजू नका. ॲडॉप्टरवर वर्तुळाजवळ अधिक-उणे दाखवणारी खूण असते, तीही जुळली पाहिजे. शिवाय १२ व्होल्ट १ अँपिअर म्हणजे १२ वॅट. जुन्या पॉवर बँकेचा ५ व्होल्ट २ अँपिअरचा पोर्ट १० वॅटच देतो, त्यामुळे तो मध्येच मान टाकतो. तुमच्याकडे लाइट रोजच जात असेल तर राउटरसाठी बनवलेला मिनी यूपीएस घ्या. वीज जाताच पुरवठा न तुटता चालू राहावा, यासाठीच त्याची रचना असते. बहुतेक पॉवर बँकांची तशी नसते.

दिवे आणि पंखे. यूएसबीवर चालणारे हे सगळे ५ व्होल्टचे असतात, म्हणून बिनघोर लावा. ५ वॅटचा दिवा १०,००० एमएएचवर सुमारे सहा तास चालतो.

वैद्यकीय उपकरणं. झोपेत श्वासासाठी लागणारं सीपॅप यंत्र किंवा प्राणवायू यंत्र साध्या पॉवर बँकेवर चालवण्याचा प्रयोग करू नका. त्यांचं व्होल्टेज आणि वॅट वेगळे असतात आणि पुरवठा मध्येच तुटला तर ते जिवावर बेतू शकतं. त्यांच्या उत्पादकाने सांगितलेलीच बॅटरी घ्या. नेब्युलायझर, रक्तदाब मापक अशा यूएसबी पोर्ट असलेल्या छोट्या उपकरणांसाठीही माहितीपत्रक हाच अंतिम शब्द.

ऊन, थंडी, पाणी आणि मार

लिथियम-आयन सेल साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस या टप्प्यात चार्ज करायचे असतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतला पाराच ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या बंद गाडीत तो आणखी चढतो. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा दुचाकीच्या डिकीत दुपारभर पॉवर बँक ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं आणि जोखीम वाढवणं. उन्हातून आणलेली पॉवर बँक लगेच चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या. पण फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दमट हवेचं पाणी होतं.

लेह-लडाखला किंवा हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांसाठी उलटी सूचना. शून्याखाली पॉवर बँक चार्ज केली तर सेलच्या आत लिथियम धातूचा थर साचतो आणि पुढे तो शॉर्ट सर्किटचं कारण होऊ शकतो. रात्री पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, पण त्या वेळी तिला काहीही जोडलेलं नको.

पावसात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवणं योग्यच, मात्र पिशवीत गुंडाळलेल्या अवस्थेत चार्जिंग नको. पोर्टमध्ये पाणी गेलं तर पोर्ट खाली करून झटका आणि पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. पॉवर बँक पाण्यात बुडाली असेल, तर वरून कोरडी दिसली तरी ती बाद झाली असं समजा.

सेलमधल्या धन आणि ऋण बाजूंना वेगळं ठेवणारा पडदा जेमतेम १० ते २५ मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपल्या केसाहूनही पातळ. पॉवर बँक जोरात आपटली, दबली किंवा तिच्यावर कुणी बसलं, तर तो पडदा फाटू शकतो. परिणाम लगेच दिसेलच असं नाही. म्हणून पोचा आलेली पॉवर बँक चालत असली तरी वापरातून काढा. किल्ल्या आणि नाण्यांच्या खिशातही तिला ठेवू नका, पोर्टमध्ये धातू शिरला तर शॉर्ट सर्किट होतं.

पॉवर बँक स्वतः भरताना

कडक, मोकळ्या पृष्ठभागावर ठेवा : फरशी किंवा टेबल चालेल, गादी, सोफा किंवा कपड्यांचा ढीग नको. रात्रभर उशाशी लावून झोपण्यापेक्षा संध्याकाळीच लावा. ३७ वॅट-अवरच्या पॉवर बँकेला १० वॅटच्या चार्जरवर चार-पाच तास पुरतात. एकीकडून ती भरत असताना दुसरीकडून फोन लावणं, माहितीपत्रकात तशी सोय स्पष्ट सांगितली असेल तरच करा. दोन्ही कामं एकदम चालली की उष्णता वाढते.

महिनोन्महिने वापरायची नसेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. निम्म्याच्या आसपास भरून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तपासा.

स्थानकावर, विमानतळावर किंवा हॉटेलात सार्वजनिक यूएसबी पोर्टला थेट फोन लावू नका. त्यातून फोनमधली माहिती चोरली जाऊ शकते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेही २०२२ च्या आपल्या पुस्तिकेत दिला आहे. तिथे फोनऐवजी पॉवर बँक भरून घ्या. तिच्यात चोरण्यासारखं काही नसतं.

विमानात नेताना

पॉवर बँक सामानात चेक-इन करायची नाही, ती केबिन बॅगेतच ठेवायची. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे बंदी आहे. १०० वॅट-अवर म्हणजे सुमारे २७,००० एमएएच. म्हणजे २०,००० ची चालते, ३०,००० ची विनापरवानगी चालत नाही. लेबल पुसलं गेलं असेल तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते.

२८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी आगीत सापडलं. सर्व १७६ जण बाहेर पडले. तपासात संशय डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर कोरियाने ती कप्प्यात ठेवायला मनाई केली, सिंगापूर एअरलाइन्स आणि एमिरेट्सनी विमानात तिचा वापरच बंद केला. भारतातही नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने विमानात पॉवर बँकेवर उपकरणं चार्ज करायला आणि ती वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली आहे. ती जवळ, नजरेसमोर ठेवा आणि निघण्याआधी आपल्या विमान कंपनीचा नियम वाचा.

फुगली, तापली, धूर आला तर

कवच फुगलं, सांधा उघडला, गोडसर किंवा रसायनासारखा वास आला, काही न जोडता ती गरम लागली, तर वापर त्याच क्षणी थांबवा. फुगवटा आतल्या वायूचा असतो. तो दाबू नका, टोचू नका, उघडून पाहू नका. पॉवर बँक गॅलरीत किंवा मोकळ्या जागी, सिमेंटच्या फरशीवर, पेट घेणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा.

धूर किंवा ज्वाळा दिसल्यास आधी माणसं बाहेर काढा. चार्जिंगला लावलेली असेल तर शक्य झाल्यास मेन स्विच बंद करा. धूर विषारी असतो, तो हुंगत बसू नका. वीज तुटलेली असेल आणि सुरक्षित अंतरावरून जमत असेल, तर भरपूर पाणी ओता. इथे पाण्याचं खरं काम सेल थंड करणं हे आहे. ज्वाळा विझल्यावरही सेल पुन्हा पेट घेऊ शकतात, त्यामुळे ती उचलून हातात घेऊ नका. आटोक्यात येत नसेल तर १०१ किंवा ११२ वर फोन करा.

कंपनीने माल परत बोलावला आहे का, याकडेही लक्ष असू द्या. जून २०२५ मध्ये अँकर या नामांकित कंपनीने आगीच्या धोक्यामुळे अमेरिकेत आपल्या एका मॉडेलच्या ११ लाखांहून अधिक पॉवर बँक परत मागवल्या. मोठं नाव असलं तरी तपासणी सुटत नाही. मॉडेल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

टाकून देताना

जुनी पॉवर बँक ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकली तर कचरागाडीत ती दाबली जाते आणि आग लागू शकते. सफाई कामगारावर ही जोखीम ढकलणं योग्य नाही. देशात २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे स्वतंत्र नियम लागू आहेत आणि वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. महापालिकेच्या ई-कचरा संकलन केंद्रात किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात ती द्या. देण्याआधी पोर्टवर चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर तसं आधीच सांगा.

आज घरातल्या सगळ्या पॉवर बँका एकदा टेबलावर काढा. प्रत्येकीवरचा आर क्रमांक तपासा, सपाट पृष्ठभागावर ठेवून फुगवटा पाहा, केबलींची टोकं बघा. ज्या एका पॉवर बँकेबद्दल मनात शंका येईल ती परत खणात ठेवू नका, ई-कचऱ्यात द्या.